पत्त्याचे आडनाव

गेल्या अंकात बँक खात्यावरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या दूरध्वनींपैकी एक घाटकोपर पश्चिमेच्या एका भांडीव्यापारी कुटुंबातील तरुणाचा होता. तो म्हणाला, "काका, खात्यांचे सगळे नीट केले. पण आमचे नावच दुसऱ्याच्या हातात गेले आहे. त्याला कुठला फॉर्म भरायचा?" बोलण्याचा रोख माझ्या लक्षात आला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी असते त्या वेळी मी दुकानावर गेलो.

हकिकत अशी. आजोबांनी सुरू केलेली स्टीलच्या भांड्यांची घाऊक पेढी. २०१३ साली मुलुंडच्या एका होतकरू मुलाकडून त्यांनी वेबसाइट करून घेतली. पेढीचे नाव आणि त्यापुढे डॉट कॉम. आठ हजार रुपयांत काम झाले, सर्वांना कौतुक वाटले. तेव्हापासून बिलबुकावर, पिशव्यांवर, दिवाळीच्या कॅलेंडरवर तोच पत्ता छापला गेला आणि ई-मेलही त्याच नावाचा सुरू झाला. त्या मुलाने तेव्हा सर्वजण करत तेच केले: पत्त्याची नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर केली आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरून पेढीकडून घेत राहिला. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या एका जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या टपालपेटीत पडून राहिल्या. मुदत संपली. संकेतस्थळ बंद पडले, तेव्हा दुकानात सर्वांचा समज झाला की नेट चालत नसेल. तोपर्यंत कोणा परक्याने ते नाव रीतसर पैसे भरून घेऊन टाकले होते, आणि पेढीच्या नावाखाली सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागल्या.

एवढ्यावर भागले असते तर लाजेवर निभावले असते. पण पत्ता ज्याच्या हाती, त्या पत्त्यावरचे टपालही त्याच्या हाती. दोन महिन्यांनी इचलकरंजीच्या एका जुन्या ग्राहकाला पेढीच्याच ओळखीच्या ई-मेलवरून पत्र गेले की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यावर पाठवावी. त्या भल्या माणसाने दोन लाख चाळीस हजार रुपये पाठवले. तीस वर्षांचा व्यवहार, शंका घेण्याचे कारणच काय? चौथ्या दिवशी फोनवर सहज विषय निघाला तेव्हा उलगडा झाला. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत रक्कम तीन-चार खात्यांतून पुढे गेली होती. साठ हजार गोठवता आले.

आता बाकीची रक्कम कोणी सोसायची? ग्राहक म्हणतो, मी तुमच्या पत्त्यावरून आलेल्या पत्रावर विश्वास ठेवला. पेढी म्हणते, आम्ही ते लिहिले नाही. दोघेही खरे बोलत आहेत. मी त्या दुकानात बसलो होतो तेव्हा वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नाव आपले होते ना?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नव्हते' असे आहे. ते का, हे समजण्यासाठी इंटरनेटच्या पत्त्याची रचना थोडी पाहावी लागेल.

पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतरचा जो शब्द असतो, कॉम, ओआरजी, नेट, इन्फो, इन, त्याला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. मी त्याला पत्त्याचे आडनाव म्हणतो. पेढीचे नाव हे पाळण्यातले नाव आणि डॉटनंतरचे ते आडनाव. या आडनावांची दोन घराणी आहेत. दोन अक्षरी आडनावे देशांची असतात: इन म्हणजे भारत, यूके म्हणजे ब्रिटन. तीन किंवा अधिक अक्षरांची आडनावे कोणत्याही एका देशाची नसतात, त्यांना जेनेरिक म्हणजे सर्वसाधारण म्हणतात. कॉम हे त्यांतले सर्वांत मोठे कुटुंब, आज पंधरा कोटींहून अधिक नावे त्या एका आडनावाखाली नांदत आहेत. (दोन अक्षरांच्या घराण्यातही गंमती आहेत. टीव्ही हे आडनाव दूरचित्रवाणीचे नसून प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाचे आहे, आणि सध्या सर्वांच्या तोंडी असलेले एआय हे कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाचे. त्या बेटाच्या तिजोरीत नुसत्या दोन अक्षरांच्या भाड्यातून चांगली भर पडते. व्यापार म्हणावा तर हा!)

सुरुवातीला, १९८० च्या दशकात, सर्वसाधारण आडनावे मोजकी होती. व्यापारासाठी कॉम, नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी नेट, इतर संस्थांसाठी ओआरजी, शिक्षणसंस्थांसाठी ईडीयू, अमेरिकी सरकारसाठी जीओव्ही, तिथल्या लष्करासाठी एमआयएल आणि आंतरराष्ट्रीय करारांतून जन्मलेल्या संस्थांसाठी आयएनटी. १५ मार्च १९८५ रोजी कॉम आडनावाचे पहिले नाव नोंदले गेले, सिंबॉलिक्स नावाच्या अमेरिकी संगणक कंपनीचे. पुढे कॉम, नेट आणि ओआरजी यांची दारे सर्वांना खुली झाली. १९९८ मध्ये या सर्वांची देखरेख करण्यासाठी आयकॅन ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली. २००१ च्या सुमारास बिझ, इन्फो, नेम अशी नवी आडनावे आली आणि सहकारी संस्थांसाठी राखीव असे कूप हेही आले. आपल्याकडच्या किती पतपेढ्यांना त्याची माहिती आहे, कोणास ठाऊक.

मोठा बांध फुटला तो २०१२ मध्ये. आयकॅनने जाहीर केले की १,८५,००० डॉलर शुल्क भरा आणि हवे ते आडनाव मागा. जगभरातून १,९३० अर्ज आले. आपल्याकडच्या टाटा सन्सने टाटा हे आडनाव मागितले. पण मोरोक्को देशात टाटा नावाचा एक प्रांत निघाला आणि अर्ज बराच काळ अडकून पडला, शेवटी तो मंजूर झाला. स्टेट बँकेने एसबीआय हे आडनाव स्वतःसाठी घेतले, म्हणजे त्या आडनावाखाली दुसऱ्या कोणाला घरच बांधता येणार नाही. अमेरिकेच्या क्रायस्लर मोटार कंपनीने आपल्या ट्रकच्या नावावरून राम हे आडनाव मागितले तेव्हा भारत सरकारने हरकत नोंदवली. आणि शॉप, ऑनलाइन, स्टोअर, गुरू, टॉप, एक्सवायझेड अशी शेकडो आडनावे सर्वांसाठी बाजारात आली. आज त्यांची संख्या हजारावर आहे, आणि २०२६ च्या एप्रिलपासून २,२७,००० डॉलर शुल्काची आणखी एक फेरी आयकॅनने जाहीर केली आहे.

आता आपल्या उपयोगाचा मुद्दा. आडनावावरून माणसाची पारख होते का? घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात उभे राहून 'शहा' अशी हाक मारली तर पाच खिडक्या उघडतील. त्यांतला आपला कोणता, हे आडनाव सांगत नाही. इंटरनेटवर तेच आहे, आणि थोडे अधिक कठीण आहे, कारण बहुतेक आडनावे पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळतात. पहिल्या वर्षी काही आडनावे शंभर-दोनशे रुपयांत देतात. कॉम म्हणजे खरी कंपनी, असे अजिबात नाही. एक्सवायझेड म्हणजे भामटाच, असेही नाही. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचा पत्ता एबीसी डॉट एक्सवायझेड असाच आहे.

विशेषतः ओआरजी विषयी आपल्या समाजात एक भोळा समज आहे. पर्युषणाच्या दिवसांत जीवदयेसाठी, पांजरापोळीसाठी, साधर्मिक भक्तीसाठी देणग्यांची आवाहने मोबाइलवर येतात आणि पत्त्यात ओआरजी दिसले की दाता समजतो, ही धर्मादाय संस्था आहे. ओआरजी घेण्यासाठी विश्वस्तपत्र, धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक, आयकराचे ८०जी प्रमाणपत्र, यांतले काहीही दाखवावे लागत नाही. हे आडनाव सांभाळणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही स्वतः ना-नफा संस्था आहे, आणि २०१९ मध्ये ती एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट घातला गेला तेव्हा जगभर एवढा गदारोळ झाला की ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. पण तिच्या छत्राखाली कोण बसले आहे याची हमी ती देत नाही. देणगी देताना पावतीवरील नोंदणी क्रमांक पाहावा, आडनाव पाहू नये.

मग असे एकही आडनाव नाही का, की जिथे दारावर पहारा आहे? आहे, आणि इथे निवृत्त बँक अधिकारी म्हणून मला थोडा अधिक उत्साह आहे. जीओव्ही डॉट इन केवळ सरकारी खात्यांना मिळते. एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना मिळते. आणि गेल्या वर्षापासून या यादीत बँक डॉट इन आले आहे. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी त्याची घोषणा केली, आणि २२ एप्रिलच्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले संकेतस्थळ या पत्त्यावर आणण्यास सांगितले. हा आदेश फक्त मोठ्या बँकांना नाही. नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, सर्वांना आहे. आपल्यापैकी अनेकांची खाती उपनगरातल्या सहकारी बँकांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नोंदणीचे काम रिझर्व्ह बँकेनेच १९९६ मध्ये हैदराबादेत स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. परवाना नसलेल्याला ती नाव देत नाही. बँकेतर वित्तसंस्थांसाठी याच धर्तीवर फिन डॉट इन ठरले आहे.

काटेकोर बोलायचे तर बँक डॉट इन हे सर्वसाधारण आडनाव नाही. ते इन या देशाच्या आडनावाखालील एक राखीव वाडी आहे. स्वतंत्र बँक या आडनावाची नोंदणीही २०१५ पासून सुरू आहे आणि तिथेही बँक असल्याची खातरजमा होते. पण तिची व्यवस्था अमेरिकेतून चालते. रिझर्व्ह बँकेने ते न घेता आपल्या देशाच्या आडनावाखाली सोय केली, हे मला योग्य वाटते. ज्याने परवाना दिला त्यानेच दाराची किल्ली सांभाळावी, हे बँकिंगचे जुने शिस्तीचे तत्त्व आहे. माझी तक्रार एवढीच की हे दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

इन या आडनावाचा इतिहास तर आपल्या दाराशी घडलेला आहे. १९८९ मध्ये जगाने भारताला हे आडनाव दिले ते जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेच्या स्वाधीन. अंधेरी स्टेशनहून जुहूकडे जाताना गुलमोहर रस्त्याच्या आडव्या गल्लीत ही संस्था होती. तिचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली, सामान्य माणसाला इंटरनेट मिळण्याच्या कितीतरी आधी, देशातील शिक्षणसंस्थांचे संगणक एकमेकांशी पत्रव्यवहार करू लागले होते. विदेश संचारने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळात मी अंधेरीच्या शाखेत होतो. रोज त्या बाजूने येत-जात असे, आणि देशाचे नाव त्या इमारतीत सांभाळले जात आहे याची मला गंधवार्ताही नव्हती. जुहूकरांची शिस्त मोठी कडक होती. कागदपत्रे तपासल्याशिवाय नाव मिळत नसे, त्यामुळे २००४ पर्यंत सारी मिळून सुमारे सात हजारच नावे नोंदली गेली. व्यापाऱ्यांनी कंटाळून कॉमची वाट धरली, कारण तिथे कोणी काही विचारत नसे. २००५ मध्ये निक्सी या संस्थेकडे कारभार आला, दारे उघडली आणि इनची लाखांनी वाढ झाली. सोय वाढली आणि पहारा गेला. बँक डॉट इनच्या रूपाने जुहूची ती जुनी कागद तपासण्याची पद्धत एका कोपऱ्यात परत आली आहे, असे मी मानतो.

आता पत्ता वाचायचा कसा? येथे माझी स्वतःची फजिती सांगतो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला गेल्या पावसाळ्यात संदेश आला की केवायसी अपूर्ण असल्याने खाते आज रात्री बंद होईल. खालील दुव्याची सुरुवात माझ्या बँकेच्या नावाने होती, पुढे डॉट को डॉट इन होते. नातवाला शाळेतून आणण्याची घाई होती. अंगठा दुव्यावर जाणार तोच पत्नी म्हणाली, "अहो, हे एवढे लांब का आहे?" मी चष्मा लावून पाहिले. इनच्या पुढे टिंब नव्हते, एक छोटी जोडरेघ होती, मग केवायसी, मग टिंब, आणि शेवटी ज्याचा बँकेशी काही संबंध नाही असे एक आडनाव. म्हणजे खरे आडनाव ते शेवटचे, खरे नाव 'इन-केवायसी', आणि आधीचे बँकेचे नाव ही केवळ दारावर टांगलेली पाटी. स्वतःच्या घराच्या दारावर कोणीही कोणाचीही पाटी टांगू शकतो.

आपण पाकिटावरचा पत्ता वरून खाली वाचतो, पण टपालखाते तो खालून वर वाचते: आधी पिन कोड, मग उपनगर, मग रस्ता, मग इमारत आणि शेवटी माणूस. इंटरनेटही तसेच उजवीकडून डावीकडे वाचते. पत्त्याच्या आरंभी दोन तिरक्या रेघा असतात, त्या सोडाव्यात. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबावे, ती नसल्यास पत्त्याच्या शेवटी. तेथून डावीकडे मागे यावे. प्रथम आडनाव, मग टिंब, मग नाव. जिथे को डॉट इन किंवा बँक डॉट इन अशी जोडी असेल तिथे आणखी एक पाऊल मागे. तेवढेच मालकाचे. त्याच्याही डावीकडे काय लिहिले आहे आणि तिरक्या रेघेच्या उजवीकडे काय लिहिले आहे, त्यावर मालकाचा पूर्ण अधिकार असतो. तो तिथे रिझर्व्ह बँकेचे नावही लिहील.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही भरवसा ठेवू नये. ते कुलूप एवढेच सांगते की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधल्या वाटेत कोणी डोकावत नाही. वाटेच्या टोकाला सावकार बसला आहे की चोर, हे त्याला माहीत नसते. चोरही कुलूप घेऊ शकतो, आणि तेही फुकट.

आता त्या पेढीकडे परत येतो. 'नाव आपले होते ना?' या प्रश्नाचे मर्म मुंबईच्या व्यापाऱ्याला पागडीच्या भाषेत लगेच समजते. इंटरनेटवरचे नाव विकत मिळत नाही. ते भाड्याने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. भाडेपावती ज्याच्या नावाने, गाळा त्याचा. पन्नास वर्षे तुम्ही दुकान चालवले असेल, पाटी तुमची असेल, पण पावती गुमास्त्याच्या नावाने फाटत असेल, तर भांडण उभे राहिल्यावर तुम्ही काय दाखवणार? आपण पागडीच्या पावत्या लोखंडी कपाटात जपून ठेवतो आणि इंटरनेटच्या नावाची पावती कोणाच्या नावाने आहे हे विचारतही नाही.

भाडे थकले तर काय होते, तेही पाहावे. कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर साधारण ४५ दिवसांपर्यंत जुन्या धन्याला नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येते. नेमके दिवस नोंदणी करणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतात. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते बाजारात खुले होते. चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक यंत्रे लावून बसतात. काही सेकंदांत नाव जाते. या पेढीला जवळजवळ अडीच महिने संधी होती. सूचना येत होत्या, पण कोणाला, तर परदेशात बसलेल्या मुलाच्या जुन्या टपालपेटीला.

कायदा मदत करतो का? काही प्रमाणात करतो, आणि त्याचा पाया आपल्याच मुंबईत घातला गेला. रेडिफ कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' असा कॉम पत्ता कोणी घेतला तेव्हा १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आणि म्हटले की असा पत्ता हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व देशभरासाठी मान्य केले. न्यायालयात न जाता लवादाचाही मार्ग आहे. कॉम, ओआरजी यांसारख्या सर्वसाधारण आडनावांसाठी १९९९ पासून आयकॅनचे धोरण आहे, इनसाठी निक्सीचे. पण तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पत्ता आपल्या व्यापारचिन्हासारखा आहे, समोरच्याचा त्यावर काही हक्क नाही, आणि त्याने तो वाईट हेतूने घेतला. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादापुढे जाण्याचे शुल्कच १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. या पेढीने पन्नास वर्षांत नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदच केली नव्हती. जुनी बिले, जाहिराती, विक्रीकराचे कागद यांवरून हक्क सिद्ध करता येईल, असे वकिलांचे मत पडले. येईलही. पण तेवढ्या खर्चात आणि वेळेत दुसरे नाव रुजवता येते, असा हिशेब घरात झाला. मला तो पटला.

त्यांनी इन आडनावाने तेच नाव घेतले, आणि लगोलग कोणी आणखी एखादे उचलू नये म्हणून आणखी एक जवळचे. सर्व आडनावे घेत बसण्यात अर्थ नाही, ती हजारावर आहेत. एक मुख्य आणि एक राखीव, पुरे. देवनागरीतील भारत या आडनावाचाही विचार झाला. २७ ऑगस्ट २०१४ पासून ते उपलब्ध आहे आणि मराठीत लिहिलेले नाव त्यापुढे लावता येते. सर्वसाधारण घराण्यातही देवनागरी कॉम, नेट आणि संगठन ही आडनावे आहेत. आपल्या लिपीत आपला पत्ता, ही कल्पना मनाला फार भावते. परंतु देवनागरी ई-मेल पत्ता अजून अनेक ठिकाणी स्वीकारला जात नाही, फॉर्ममध्ये 'चूक पत्ता' असा शेरा येतो. दुसरी पाटी म्हणून लावावी. व्यवहाराचे टपाल तूर्त तिच्यावर मागवू नये, असे मी त्यांना सांगितले.

नोंदणी करताना एक बारीक गोष्ट त्या तरुणाच्याच लक्षात आली, माझ्या नाही. नोंदणीच्या खात्याला संपर्काचा ई-मेल द्यायचा असतो. तो नव्या नावाचाच दिला आणि पुढे कधी ते नाव बंद पडले, तर नूतनीकरणाची सूचना बंद पडलेल्या पेटीतच जाणार! म्हणून त्याने पेढीचा एक वेगळा, सर्वसाधारण सेवेचा ई-मेल दिला आणि मोबाइल क्रमांक वडिलांचा. आपोआप नूतनीकरणासाठी कार्ड जोडले आहे, पण कार्डाचीही मुदत संपते, म्हणून तारीख दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. सर्व ग्राहकांना रजिस्टर टपालाने, छापील पत्र गेले की जुन्या पत्त्यावरून आलेले काहीही आमचे मानू नये, आणि बँक खाते बदलल्याचे पत्र कोणत्याही पत्त्यावरून आले तरी आधी दुकानाच्या जुन्या दूरध्वनीवर विचारावे.

इचलकरंजीच्या ग्राहकाशी शेवटी बोलणे झाले. गोठवलेले साठ हजार परत मिळवण्यासाठी अर्ज दिला आहे. ते मिळाले तर ग्राहकाचे. उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांपैकी निम्मे पेढीने सोसले. मुलगा याला तयार नव्हता, वडिलांनी ठरवले. परदेशी गेलेल्या त्या मुलाचा फोन आला होता, त्याने मोकळेपणाने माफी मागितली. त्याच्यावर राग धरायला घरात कोणी तयार नाही. पावती आपण मागितलीच नव्हती, असे वडील म्हणाले.

धनत्रयोदशीला मला बोलावले होते. नव्या नावाची दहा वर्षांची नोंदणी पेढीच्या नावाने झाली होती. तिचा छापील कागद वह्यांसोबत ठेवला होता, आणि पूजा झाल्यावर वडिलांनी तो लोखंडी कपाटातल्या पागडीच्या फाइलीत लावला. जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा मात्र तसाच माळ्यावर आहे. त्यांवरचा पत्ता कोणी उघडला तर आजही सट्ट्याची जाहिरात दिसते.